फुजिमोरी आडनावाचा सातबारा

गेल्या अंकात पेरूचे माजी राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांच्या निधनाची छोटी नोंद दिली होती. ११ सप्टेंबर २०२४ ला लिमामध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी ते गेले. त्या नोंदीत त्यांची मुलगी, तिथली राजकारणी केइको, हिच्याबद्दल मी एक वाक्य लिहिलं होतं, "मुलीला बापाकडून मतं मिळाली आणि कर्जही", आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं नि मेसेज आले की या वेळी सदरात दुसरा विषय घेतच नाहीये. काही पत्रं कौतुकाची आहेत, काही चांगलीच रागावलेली. स्पॅनिश शिकत होते तेव्हापासून पेरूबद्दल जे हाताला लागेल ते वाचत आलेय, त्यामुळे मनापासून उत्तरं देतेय, कुठे लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : मी जपानी भाषेच्या एन-थ्री परीक्षेची तयारी करतेय. क्लासमध्ये तुमची नोंद वाचून सगळे चकित झाले. जपानी माणूस तिकडे साउथ अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कसा काय झाला?
एक विद्यार्थिनी, औंध

उत्तर : जपानी नाही गं, पेरूचाच, आईवडील तेवढे जपानी. १८९९ मध्ये साकुरा मारू नावाच्या जहाजातून ७९० जपानी मजूर पेरूत आले, उसाच्या मळ्यांवर राबायला. मळ्यावरचे हाल सोसवेनात म्हणून बरेच जण नंतर शहरात आले, कुणी न्हाव्याचं दुकान टाकलं, कुणी किराणा, कुणी खानावळ, आणि जरा बस्तान बसतंय तोच १९४० च्या मे महिन्यात लिमामध्ये जपान्यांची दुकानं फोडली, लुटली. मग युद्ध आलं आणि पेरू सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १८०० लोकांना उचलून अमेरिकेतल्या छावण्यांत पाठवून दिलं. फुजिमोरींचे आईवडील जपानमधल्या कुमामोतोकडचे, मुलाचा जन्म १९३८ चा, म्हणजे दुकानं फुटली तेव्हा हे दोन वर्षांचं पोर. पेरूमध्ये असं आडनाव असणं हेच तेव्हा धोक्याचं होतं, एवढं लक्षात ठेव, पुढे लागेल.

हा मुलगा अभ्यासात हुशार निघाला, शेतीशास्त्राचा इंजिनियर झाला, पुढे गणित शिकला, आणि लिमाच्या ला मोलिना कृषी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आपल्याकडे शिवाजीनगरच्या ॲग्रिकल्चर कॉलेजचे एखादे प्राचार्य, मागे मोठा पक्ष नाही, घरात कुणी पुढारी नाही, आणि अचानक उभे राहतात नि निवडून येतात, असं डोळ्यासमोर आण. १९९० च्या इलेक्शनमध्ये समोर कोण होतं, तर मारिओ व्हार्गास योसा, जगभर गाजलेला कादंबरीकार, पुढे २०१० ला ज्याला नोबेल मिळालं तो. त्याच्या बाजूला लिमातली गोरी, पैसेवाली मंडळी, आणि हा बाबा ट्रॅक्टरवर बसून वस्त्यावस्त्यांतून फिरतोय. घोषणा काय, तर "तुमच्यासारखाच राष्ट्राध्यक्ष". दुसऱ्या फेरीत त्याला ६२ टक्क्यांच्या आसपास मतं पडली.

लोक त्याला "एल चिनो" म्हणायचे, म्हणजे चिनी. तिकडे पूर्व आशियातल्या कुणालाही सरसकट चिनो म्हणतात, जसं आपल्याकडे पुण्यात शिकायला आलेल्या ईशान्येकडच्या मुलामुलींना लोक वाट्टेल ते म्हणतात आणि ते चूकच आहे. फुजिमोरीने ते टोपणनाव स्वतःच उचललं नि मिरवलं. डोंगरातल्या, सावळ्या, केचुआ ही तिथली आदिवासी भाषा बोलणाऱ्या माणसाला वाटलं की हा पण आपल्यासारखाच, ज्याला वरचे लोक नावं ठेवतात असा. या भावनेला मी अजिबात कमी लेखत नाही, त्या आडनावाची पहिली कमाई हीच होती आणि ती खरी होती.

प्रश्न : मी बँकेत ३४ वर्षं काढली. साडेसात हजार टक्के महागाई ज्याने खाली आणली, दहशतवाद ज्याने संपवला, त्याला तुम्ही हुकूमशहा म्हणता? हा कृतघ्नपणा नाही का? असाच खमक्या माणूस देशाला लागतो.
एक निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ

उत्तर : काका, तुमचा आकडा बरोबर आहे. १९९० मध्ये पेरूची महागाई साडेसात हजार टक्क्यांच्या वर गेली होती, म्हणजे सकाळी पगार हातात आला की दुपारच्या आत तांदूळ-साखर घेऊन टाकायची, नंतर तेवढ्याच पैशात तेवढंच येईल याची खात्री नाही. फुजिमोरी निवडून आले ते "शॉक देणार नाही" असं सांगून, आणि शपथ घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत, ८ ऑगस्ट १९९० ला, शॉक दिला. सबसिड्या एका रात्रीत गेल्या, पेट्रोल तीसपट महागलं, आणि हे टीव्हीवर जाहीर करणाऱ्या मंत्र्याने भाषणाचा शेवट "देव आपल्याला मदत करो" असा केला. गरिबांनी तेव्हा वस्तीवस्तीत एकत्र चुली पेटवून, सामायिक स्वयंपाकघरं चालवून दिवस काढले, बायकांनीच चालवली ती. पण महागाई उतरली हे खरं. १९९१ ला नवं चलन आलं, दहा लाख जुन्या इन्तींचा एक नवा सोल, आणि १९९३ च्या राज्यघटनेत मध्यवर्ती बँकेने सरकारला पैसे द्यायचेच नाहीत असं कलम घातलं. ती घटना आजही चालू आहे नि सोल तिकडचं बऱ्यापैकी भरवशाचं चलन आहे. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला याची किंमत मी काय सांगायची.

दहशतवादाचंही तसंच. सेन्देरो लुमिनोसो, म्हणजे तेजस्वी वाट, या माओवादी संघटनेने १९८० मध्ये आयाकूचोच्या डोंगरात एका गावातल्या मतपेट्या जाळून युद्ध सुरू केलं. त्यांनी गावंच्या गावं कापली, हे कुणी लपवू नये आणि मीही लपवत नाही. पुढे २००३ मध्ये सत्यशोधन आयोगाचा रिपोर्ट आला, त्यांनी मृत नि बेपत्ता मिळून सुमारे ६९ हजारांचा अंदाज बांधला, आयोगाकडे नोंदवलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त सेन्देरोने मारलेले, आणि बळींपैकी दर चारातल्या तिघांची मायबोली केचुआ किंवा दुसरी आदिवासी भाषा. राजधानीला हे सगळं नीट कळलं कधी, तर जुलै १९९२ मध्ये मिराफ्लोरेससारख्या श्रीमंत भागात तारातानामक गल्लीत कारबॉम्ब फुटून २५ माणसं गेली तेव्हा.

पण काका, सेन्देरोचा म्होरक्या आबिमाएल गुझमान पकडला कुणी? पोलिसांच्या एका छोट्या टीमने, जी १९९० च्या मार्चमध्ये, फुजिमोरी निवडून येण्याच्याही आधी बनली होती. लिमाच्या सुर्कियो भागात एक डान्सचा क्लास होता, त्याच्या वरच्या मजल्यावर कोण राहतंय याचा या लोकांना संशय होता, तर त्यांनी काय केलं, त्या घरचा कचरा रोज उचलून तपासला, ज्या ब्रँडच्या सिगारेटी गुझमान ओढतो त्याची थोटकं, त्याला जो त्वचेचा आजार होता त्याच्या मलमाच्या रिकाम्या ट्यूबा. १२ सप्टेंबर १९९२ च्या रात्री आत शिरले आणि रक्ताचा थेंब न सांडता त्याला धरलं. राष्ट्राध्यक्ष त्या वेळी मासेमारीला गेले होते, त्यांना नंतर कळलं. श्रेय मात्र सगळं एकाच नावावर जमा झालं.

आणि हा जो खमकेपणा तुम्ही म्हणता तो पाच महिने आधीचा. ५ एप्रिल १९९२ ला रात्री टीव्हीवर येऊन त्यांनी संसद बरखास्त केली, न्यायालयं ताब्यात घेतली, रस्त्यावर रणगाडे. स्वतःच निवडून आलेल्या माणसाने स्वतःच्याच लोकशाहीवर केलेला उठाव. लोकांनी काय केलं? सर्व्हेत ८० टक्क्यांच्या आसपास लोक म्हणाले बरं झालं. मला त्या लोकांचा राग येत नाही, बारा वर्षं बॉम्ब आणि रांगा सोसलेली माणसं होती ती. पण कोर्ट आणि संसद गेली की मग विचारणारं कुणी उरत नाही, आणि विचारणारं कुणी नसताना काय काय घडलं ते पुढच्या पत्रांत येतंय. गुझमान पकडला गेला तो कचरा तपासणाऱ्या पोलिसांच्या चिकाटीने, त्याला रणगाडा लागला नाही, एवढंच तुमच्या खमक्या माणसाच्या मुद्द्यावर माझं म्हणणं.

प्रश्न : मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. तुम्ही नोंदीत "नसबंदी" एवढा एकच शब्द टाकून पुढे गेलात. ते नक्की काय होतं?
एक वाचक, हडपसर

उत्तर : ताई, तुम्ही पकडलंत, जागा नव्हती म्हणून मी एका शब्दात उरकलं आणि तसं उरकायला नको होतं.

१९९५ मध्ये बीजिंगला महिलांची जागतिक परिषद झाली तिथे फुजिमोरी स्वतः गेले नि स्त्रियांना स्वतःच्या शरीरावर हक्क हवा असं बोलले, टाळ्या पडल्या. मग १९९६ पासून राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात सुमारे २ लाख ७२ हजार स्त्रियांची आणि २२ हजार पुरुषांची शस्त्रक्रिया झाली. या सगळ्याच जबरदस्तीच्या नव्हत्या, हे सांगायलाच हवं. पण दवाखान्यांना कोटा ठरवून दिला होता आणि कोटा म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. डोंगरातल्या, फक्त केचुआ बोलणाऱ्या बायकांकडून स्पॅनिशमधल्या कागदावर अंगठा घेतलेला, कुणाला बाळंतपणानंतर न सांगताच टाके घातलेले, कुणाला धान्याचं आमिष, कुणाला दंडाची भीती. काही जणी शस्त्रक्रियेनंतर दगावल्या. हजारो बायका अजून तक्रारी घेऊन सरकारी दारांत जातायत, कित्येक आता आजी झाल्यात, आणि फुजिमोरींना या प्रकरणात शेवटपर्यंत शिक्षा झाली नाही.

आपल्याला हे परकं नाही. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, आणि आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक पासही केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी आली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, नाहीतर आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत त्याचा अंमल झाला असता. आपल्याकडे जास्त पुरुष होते, त्यांच्याकडे जवळजवळ सगळ्या बायका, आणि त्याही राजधानीपासून लांबच्या, ज्यांची भाषा राजधानीत कुणी ऐकत नाही अशा. ज्या डोंगरातल्या माणसांना "तुमच्यासारखाच" म्हणून मत मागितलं त्यांच्याच घरातल्या बायका. हे मी वाचते तेव्हा दरवेळी इथे अडकते.

प्रश्न : फॅक्स करून राजीनामा दिला म्हणे? खरं का?
एक वाचक, चिंचवड

उत्तर : खरं. २००० साली तिसऱ्यांदा निवडून आले, सप्टेंबरमध्ये टीव्हीवर एक व्हिडिओ दाखवला गेला, त्यात त्यांचा उजवा हात, गुप्तचर खात्याचा सर्वेसर्वा व्लादिमिरो मोन्तेसिनोस, एका विरोधी खासदाराला पक्ष बदलण्यासाठी नोटांची पुडकी देतोय, १५ हजार डॉलर. मोन्तेसिनोस स्वतःच सगळ्यांचं शूटिंग करून ठेवायचा, त्यामुळे मागोमाग असे ढिगाने व्हिडिओ निघाले, न्यायाधीश, टीव्हीचॅनेलचे मालक, सगळे. नोव्हेंबरमध्ये फुजिमोरी ब्रुनेईच्या परिषदेला म्हणून गेले, तिथून टोकियो, आणि तिथून फॅक्स. संसदेने तो राजीनामा स्वीकारलाच नाही, "कायमची नैतिक अपात्रता" असा ठपका ठेवून त्यांना काढून टाकलं. जपानने त्यांना नागरिक मानलं, २००५ मध्ये ते चिलीत उतरले तिथे अटक झाली, २००७ ला पेरूच्या हवाली केलं, आणि ७ एप्रिल २००९ ला पेरूच्याच कोर्टाने २५ वर्षांची शिक्षा दिली, कशासाठी ते शेवटच्या उत्तरात येतंय.

प्रश्न : मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. केइको फुजिमोरीने आडनाव सोडून स्वतःच्या नावावर राजकारण का नाही केलं? २०११, २०१६, २०२१ अशी तीनदा हरली, तरी तेच नाव. हे नाव तिला फायद्याचं की तोट्याचं?
एक विद्यार्थी, डेक्कन

उत्तर : यासाठीच मी ते वाक्य लिहिलं होतं. आमची शेती सासवडजवळ आहे. आजोबा गेले तेव्हा बाबांनी तलाठ्याकडे जाऊन वारसनोंद केली, नवा सातबारा हातात आला, आणि त्यात बाबांचं नाव लागलेलं पाहून घरात सगळ्यांना बरं वाटलं. मग आईने "इतर हक्क" हा रकाना वाचला. त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा जसाच्या तसा. आजोबांनी विहिरीसाठी घेतलेलं, कुणाला सांगितलंही नव्हतं. बाबांनी ते फेडायला नऊ वर्षं घेतली. जमीन हवी आणि बोजा नको असं करता येत नाही, हे मी तेव्हा शिकले, आणि केइकोबद्दल वाचताना मला दरवेळी तो रकाना आठवतो.

आधी नाव काय ते बघ. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. तिचं पूर्ण नाव केइको सोफिया फुजिमोरी हिगुची. आपल्याकडे आता १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा सरकारने निर्णय घेतलाय, तिकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तर हे हिगुची म्हणजे सुसाना हिगुची, फुजिमोरींची बायको, सिव्हिल इंजिनियर. जपानमधून गरिबांसाठी दान म्हणून आलेल्या कपड्यांत नवऱ्याचे नातेवाईक पैसे करतायत असा आरोप तिने १९९२ मध्ये जाहीरपणे केला. १९९४ मध्ये नवऱ्याने तिचं प्रथम महिलेचं पद काढून घेतलं. गुप्तचर खात्याच्या लोकांनी आपला छळ केला असंही तिने पुढे सांगितलं, आणि २००० साली ती विरोधी बाजूने संसदेत निवडून आली. आईचं ते पद मिळालं कुणाला, तर १९ वर्षांच्या केइकोला. म्हणजे एका नावात आरोपी नि फिर्यादी दोघंही आहेत, आणि मतदारांच्या तोंडी फक्त पहिलंच आडनाव राहिलं.

आता फायदा-तोटा. तिच्या पक्षाच्या चिन्हातच मोठं "के" अक्षर आहे, नारिंगी रंगाचं, पण लोक त्या पक्षाला फुजिमोरीवादीच म्हणतात. २०११ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ओयान्ता उमालाकडून हरली. २०१६ ला पहिल्या फेरीत ४० टक्क्यांच्या जवळ, सगळ्यांच्या कितीतरी पुढे, संसदेतल्या १३० पैकी ७३ जागा तिच्या, आणि दुसऱ्या फेरीत पेद्रो पाब्लो कुचिन्स्कीकडून सुमारे ४१ हजार मतांनी हरली. अख्ख्या देशात ४१ हजार! २०२१ ला पेद्रो कास्तियो नावाच्या खेड्यातल्या शिक्षकाकडून सुमारे ४४ हजारांनी. या तिन्ही खेपांचा पॅटर्न बघ, नाव तिला दरवेळी दुसऱ्या फेरीपर्यंत आणून सोडतं, आणि तिथे पोचली की ज्यांचं एरवी एकमेकांशी अजिबात जमत नाही असे सगळे लोक फक्त त्या नावाविरुद्ध एकत्र येतात. डावे लोक कुचिन्स्कीसारख्या बँकवाल्याला मत देतात, केवळ फुजिमोरी नको म्हणून. तरुण मुलं स्वतः जन्मलीही नव्हती तेव्हाच्या गोष्टींसाठी मोर्चे काढतात, आणि मोर्च्यांत १९९२ मध्ये लष्कराने नेऊन मारलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो असतात, त्यांच्याबद्दल शेवटच्या उत्तरात येतंय.

व्हार्गास योसाचंच घे. ज्याच्याशी बाप लढला, त्याने २०११ ला केइकोविरुद्ध प्रचार केला, २०१६ ला केला, आणि २०२१ मध्ये समोर कास्तियो आहे म्हटल्यावर केइकोला मत द्या म्हणून लोकांना सांगितलं. तीस वर्षांचं वैर सोडलं. तरी ती हरली. म्हणजे शत्रूने माफ केलं तरी बोजा उतरला नाही, कारण कर्ज त्याचं नव्हतंच, ते दुसऱ्याच लोकांचं होतं.

आणि नाव सोडणं तर दूरच, घरातच त्या नावावरून भांडणं. धाकटा भाऊ केन्जी, २०११ ला देशात सगळ्यात जास्त मतं घेऊन खासदार झालेला. २०१७ च्या डिसेंबरात बहिणीचा पक्ष कुचिन्स्कीला काढायला निघाला, केन्जी नि त्याच्या बरोबरचे काही जण तटस्थ राहिले, ठराव पडला, आणि तीन दिवसांत, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, कुचिन्स्कीने त्यांच्या वडिलांना माफी दिली. पुढे मार्चमध्ये बहिणीच्या पक्षाने केन्जीचेच चोरून काढलेले व्हिडिओ बाहेर काढले, खासदारांना फोडायला सरकारी कामांचं आमिष दाखवतोय असे. व्हिडिओवरून बापाचं राज्य गेलं होतं, व्हिडिओवरूनच भाऊ खासदारकीतून निलंबित झाला. बापाची माफी कोर्टाने रद्द केली, म्हातारा परत तुरुंगात, शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये सुटका. मधल्या काळात, २०१८ ते २०२० मध्ये, केइको स्वतः प्रचाराच्या पैशांच्या केसमध्ये वर्षाहून जास्त काळ कोठडीत राहिली. मला तिच्याबद्दल यात वाईट वाटतं, खरंच वाटतं, १९ व्या वर्षी आईच्या खुर्चीत बसवलेली मुलगी ती. पण तिने बोजाचा रकाना कधी नीट वाचला नाही. २०१५ मध्ये हार्वर्डला आणि मग २०१६ च्या प्रचारसभांत थोडं मवाळ बोलून पाहिलं, पुढच्या खेपेला परत बापाच्या सुटकेचं वचन. आणि जुलै २०२४ मध्ये तिने काय जाहीर केलं, तर २०२६ ला उमेदवार आपले वडीलच, ८५ वर्षांचे, कॅन्सरशी झुंजणारे.

कायद्याचा विद्यार्थी आहेस म्हणून अजून एक. बापाला ज्या "कायमच्या नैतिक अपात्रते"च्या कलमाने काढलं, तेच कलम पुढे संसदेच्या हातचं रोजचं हत्यार झालं, २०२० मध्ये एक राष्ट्राध्यक्ष त्यानेच गेला, २०२२ मध्ये कास्तियो. आणि कास्तियोने त्या दिवशी काय केलं होतं? टीव्हीवर येऊन संसद बरखास्त केल्याचं जाहीर केलं, हुबेहूब ५ एप्रिलसारखं. या वेळी लष्कर मागे उभं राहिलं नाही, काही तासांत अटक. त्याला ठेवलं बार्बादियोच्या तुरुंगात, जिथे फुजिमोरी आधीपासून होता. आडनाव फुजिमोरी नसलेल्या माणसानेही तोच वारसा उचलला, हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं.

प्रश्न : "मरणान्तानि वैराणि" असं आपण मानतो. माणूस गेल्यावर आठवडाभरात त्याच्या नावाने कर्ज-बिर्ज लिहिणं मला आवडलं नाही. तिथल्या लोकांनी तर तीन दिवसांचा दुखवटा पाळला, रांगा लावून दर्शन घेतलं. तुम्हाला काय अधिकार?
एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रांगा खऱ्या होत्या. त्या रांगांतली म्हातारी माणसं कॅमेऱ्यासमोर रडत सांगत होती की चिनोने आमच्या गावात रस्ता आणला, शाळा बांधली, आणि ती खोटं बोलत नव्हती. दुर्गम भागात पहिल्यांदा कुणी राष्ट्राध्यक्ष स्वतः येऊन उभा राहिला असेल तर लोक ते विसरत नाहीत.

पण तुम्ही शिक्षिका होतात, म्हणून तुम्हाला ला कान्तुताबद्दल सांगते. ते लिमाबाहेरचं शिक्षक घडवणारं विद्यापीठ, आपल्याकडचं मोठं डीएड-बीएड कॉलेज म्हणा. तारातामधल्या बॉम्बनंतर दोनच दिवसांनी, १८ जुलै १९९२ च्या पहाटे, लष्कराची कोलिना नावाची तुकडी होस्टेलमध्ये शिरली आणि नऊ विद्यार्थी नि एक प्राध्यापक यांना घेऊन गेली. बॉम्बशी त्यांचा संबंध असल्याचं कधीच सिद्ध झालं नाही. वर्षभराने एका साप्ताहिकाच्या पत्रकारांनी लिमाबाहेरच्या ओसाड जागेत त्यांना पुरलेलं शोधून काढलं, हाडं जळालेली, आणि त्यात किल्ल्यांचा जुडगा. त्या किल्ल्या विद्यापीठात नेऊन लावून पाहिल्या, तर मुलांची कुलुपं उघडली. असे ओळखू आले. घरच्यांना अवशेष मिळाले ते दुधाच्या डब्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. सगळ्यांचे मिळालेही नाहीत. याच तुकडीने त्याआधी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, बार्रिओस आल्तोस भागात एका घरगुती कार्यक्रमात घुसून १५ जणांना मारलं होतं, त्यात ८ वर्षांचा एक मुलगा. मग १९९५ मध्ये कायदा करून मारेकऱ्यांना माफी दिली. २५ वर्षांची शिक्षा झाली ती या दोन घटनांसाठी आणि दोन अपहरणांसाठी.

आपलं ते वचन रामायणातलं, रावण पडल्यावर राम बिभीषणाला म्हणतो ते, आणि पुढे म्हणतो की याचे संस्कार कर. फुजिमोरींचे संस्कार झाले, सरकारी इतमामाने झाले, आणि व्हायलाच हवे होते. ला कान्तुतातल्या काही मुलांचे झाले नाहीत, कारण पुरायला काही हातात नाही. कोर्टाने त्यांच्या घरच्यांना द्यायला सांगितलेली भरपाई फुजिमोरींनी भरली नाही, उलट शेवटच्या वर्षी संसदेने त्यांना माजी राष्ट्राध्यक्षाची पेन्शन मंजूर केली, आणि ते जायच्या महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, २००२ च्या आधीच्या मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना मुदतबाह्य ठरवणारा कायदा आला. त्या घरच्यांचं काही वैर नाही हो, त्यांचं येणं आहे.

अधिकाराचं विचारलंत. मला काहीच अधिकार नाही, मी पुण्यात बसून लिहितेय. ज्यांना आहे त्यातल्या एकीचं नाव सांगते, कारण आडनावांचा विषय चाललाय. खिसेला ओर्तिस. तिचा भाऊ लुइस एन्रिके त्या नऊ विद्यार्थ्यांत होता. ती तेव्हा विशीची असेल-नसेल, आईबापांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागली ती तीस वर्षं चढत राहिली, चिलीतून हस्तांतरण होईपर्यंत, निकाल लागेपर्यंत, माफी रद्द होईपर्यंत. २०२१ मध्ये ती पेरूची सांस्कृतिक मंत्री झाली, काहीच महिने, पण झाली. फुजिमोरींचं पार्थिव दर्शनासाठी ठेवलं होतं ते त्याच सांस्कृतिक मंत्रालयाच्या इमारतीत. तुम्ही टीव्हीवर ज्या रांगा पाहिल्यात, त्या त्या दाराच्या होत्या.